चौथ्याचा पक्षी

सत्तावीस वर्षं सिल्वासातल्या यार्नच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं की माणसाची नजर बिघडते. वस्तू चांगली आहे का, हे मला दिसत नाही. पूर्ण आहे का, एवढंच दिसतं. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी मी आधी पानाची डावी बाजू मोजतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. एखादा आयटम कमी निघाला की जिलबीतही लक्ष लागत नाही.

त्यामुळे मॉन्ट्रियलला शिकणाऱ्या पुतण्यानं माझ्यासाठी स्वेटशर्ट पाठवला, तेव्हा मी तो अंगाला लावून बघितला नाही, तपासायला घेतला. छातीवर मॅकगिल विद्यापीठाची ढाल होती. वरच्या लाल पट्ट्यात उघडं पुस्तक, त्याच्या दोन्ही बाजूंना मुकुट, खाली पांढऱ्यावर तीन लाल पक्षी. अंगानं चिमणीएवढे, लांब पंखांचे. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि कापड डोळ्यांशी धरलं. तिन्ही पक्ष्यांना पाय नव्हते. पोट संपत होतं तिथं पिसांचे दोन झुपके होते, मांड्यांसारखे, आणि त्यांच्या खाली थेट कापड.

"छपाई राहिलीय," मी बायकोला म्हटलं. "तीन पक्षी, सहा पाय शॉर्ट."

"धर्माची गाय आणि दात का नाय!" ती म्हणाली आणि कुकरकडे वळली.

रात्री पुतण्याचा फोन आला तेव्हा मी नाजूकपणे विषय काढला. तो हसला. "काका, शॉर्ट नाहीत. त्याला पाय नसतातच. मार्टलेट म्हणतात त्याला. आमच्या विद्यापीठाच्या संस्थापकाच्या, जेम्स मॅकगिलच्या ढालीवरून घेतलेत."

"कुठल्या जंगलात असतो हा?"

"जंगलात नसतो. ढालींवरच असतो."

पाय नसलेला आणि जंगलात नसलेला पक्षी! रिटायर माणसाला एवढं पुरतं. पुढचे पंधरा दिवस मी याच्याच मागे होतो.

तर झालं असं, की बाराव्या शतकाच्या सुमाराला युरोपातले सरदार पोलादी टोपात इतके बंद होऊन लढायला लागले, की समोरचा आपला की परका हे कळेना. म्हणून ढालीवर चित्र काढायची पद्धत पडली. पद्धत पडली की नियम होतात, नियम झाले की शास्त्र होतं, आणि शास्त्र झालं की शास्त्री आलेच. या शास्त्र्यांनी सिंह कसा उभा राहील, गरुडाची मान कुठं वळेल, सगळं ठरवून टाकलं. मार्टलेट हा त्यांचाच. भिंगरी-पाकोळीच्या घाटाचा पक्षी, फक्त पायांविना. फ्रेंचांना तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्यांनी आपल्या मेर्लेटची चोचही काढली. आणि आलेरियन नावाचा एक गरुड आहे, त्याला चोचही नाही आणि पंजेही नाहीत. लोरेन प्रांताच्या ढालीवर तसे तीन आहेत. गरुडाचं काढून घ्यायचं राहिलं काय मग? पण शास्त्र्यांना विचारणार कोण.

इंग्रजांचा एडवर्ड राजा, ज्याला ते 'द कन्फेसर' म्हणतात, तो १०६६ साली वारला. तेव्हा ढालींवर चिन्हं काढायची पद्धतच नव्हती. तरी पुढच्या शास्त्र्यांनी तेराव्या शतकात त्याला निळ्या ढालीवर सोनेरी क्रूस आणि पाच सोनेरी पक्षी बहाल केले. आपल्याकडे मरणोत्तर पद्म देतात तसंच, फक्त दोनशे वर्षं उशिरा. ससेक्स परगण्याला सहा मिळाले. हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण ससेक्स म्हणजे आमच्या पिढीच्या क्रिकेटवेड्यांना रणजी. सहा बिनपायांच्या पक्ष्यांच्या परगण्याकडून खेळणारा तो राजपुत्र जगात गाजला कशावर, तर पायांवर येणारा चेंडू मनगटानं अलगद मागे वळवण्यावर. रणजींची गोष्टही या पक्ष्याला साजेशीच आहे. आधी दत्तक म्हणून घेतलं, मग बाजूला सारलं, आणि नवानगरची गादी हाती आली ती १९०७ साली. मधली वर्षं ते हवेतच होते आणि तिथून धावा काढत होते.

पाय काढायची युक्ती शास्त्र्यांना सुचली कुठून? त्याचं उत्तर आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात आहे. दुसऱ्या मजल्याच्या छताला, कोपऱ्यात, पाकोळ्यांनी घरटी केली आहेत. पिसं आणि गवत थुंकीनं चिकटवून केलेले मळकट गोळे, एकाला एक लागून, चाळीतल्या खोल्यांसारखे. या पाकोळीला पाय आहेत, पण कसे? चार नख्यांचा एक आकडा समजा. त्यानं उभ्या भिंतीला लटकता येतं, तारेवर किंवा फांदीवर बसता येत नाही. तारेवर ओळीनं बसलेल्या दिसतात त्या भिंगऱ्या. कधीच बसलेली दिसत नाही ती पाकोळी. हिच्या युरोपातल्या बहिणीचं शास्त्रीय नाव ग्रीकमधून आलंय आणि त्याचा अर्थच 'पाय नसलेली'. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या लोकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की ती बहीण वर्षातले दहा महिने उतरल्याशिवाय हवेत राहू शकते. खाणं हवेत, झोपही हवेत. आपल्याकडे घरी न टिकणाऱ्या माणसाला पायाला भिंगरी लागलीय म्हणतात. ती भिंगरी लाकडाची, गरगर फिरणारी, हे मला ठाऊक आहे. पण पाखरू भिंगरीचं नाव घेतं आणि पाय मात्र पाकोळीसारखे नावालाच, असा जोड मराठीत बसून गेलाय, त्याला माझा इलाज नाही.

पाय नसल्याची याहून मोठी गोष्ट स्वर्गीय पक्ष्याची आहे. मॅगेलनच्या मोहिमेतलं 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज १५२२ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आलं. त्यात या झगझगीत पक्ष्यांची वाळवलेली कातडी होती. हे पक्षी राहतात त्या बेटांवरचे लोक कातडं कमावताना पाय काढून टाकत. युरोपात माल उतरला तो बिनपायांचाच. त्यावर तिथल्या विद्वानांनी काय केलं? शॉर्टेज नोट काढली? छे. हा पक्षी कधी जमिनीला शिवतच नाही, दवावर जगतो, असं ठरवून टाकलं. पुढे १७५८ साली लिनियसनं त्याच्या शास्त्रीय नावातच 'बिनपायांचा' हा शब्द घातला, तो आजतागायत आहे. एका स्टोअरकीपरला विचारलं असतं तर एवढं झालं नसतं.

पण मी अडकलो ते पुढच्या पानावर. इंग्रज शास्त्र्यांनी मुलांची वाटणी लावली होती. बापाची ढाल सगळ्या मुलांनी वापरायची, पण कोण कितवा ते कळावं म्हणून प्रत्येकानं एक खूण घालायची. पहिल्याला तीन दातांची फणी. दुसऱ्याला चंद्रकोर. तिसऱ्याला तारा, जो खरं तर घोडेस्वाराच्या टाचेच्या आरीची चकती आहे. चौथ्याला मार्टलेट. पाचव्याला अंगठी, सहाव्याला लिलीचं फूल, सातव्याला गुलाब, आठव्याला क्रूस आणि नवव्याला आठ पाकळ्यांचं फूल. नवव्यानंतर बहुधा ढालच संपत असावी.

चौथ्यालाच पक्षी का? कारण तिथं जमीन थोरल्याला. चौथ्याला पाय ठेवायला जागा नाही, त्यानं आपल्या पंखांवर जगावं.

मी चौथा आहे.

आम्ही पाच भाऊ. साक्री तालुक्यात वडिलांची अकरा एकर कोरडवाहू, एक विहीर, तीही मार्चपर्यंत. इंग्रजांसारखा आपल्यात थोरल्याला सगळं द्यायचा अन्याय नाही. आपल्यात सगळ्यांना सारखं. सातबाऱ्यावर आमच्या पाचही जणांची नावं आहेत, खाली खाली बारीक होत गेलेली, तलाठ्याला जागा पुरली नाही म्हणून माझं नाव जवळजवळ रेघेवरच बसलंय. माझ्या वाट्याच्या तुकड्यात पाय ठेवता येतो, नांगर नाही. त्यांच्यात एकाला जमीन आणि बाकीच्यांना पक्षी. आपल्यात सगळ्यांना थोडी थोडी जमीन आणि म्हणून सगळ्यांनाच पक्षी. थोरले दादा तेवढे गावात राहिले. तेही शेती करतात म्हणून नव्हे, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते म्हणून.

मी सिल्वासाला आलो तो एका बॅगेनिशी. वापी स्टेशनवर उतरायचं आणि टेम्पोत कोंबून घ्यायचं. तेव्हा पिपरिया, आमली, मसाट, रखोली, जिकडे बघावं तिकडे पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या. नव्या कारखान्याला पंधरा वर्षं विक्रीकर माफ, म्हणून मुंबईचे आणि सुरतेचे शेठ इकडे धावले, आणि त्यांच्या मागे आम्ही. बिहारचे, ओडिशाचे, पूर्वांचलातले, खानदेशातले, एका खोलीत आठ आठ. शिफ्ट बदलली की अंथरूणही बदलायचं नाही, माणूस तेवढा बदलायचा. २०११ च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीत हजार पुरुषांमागे ७७४ बायका निघाल्या. बाकीच्या बायका कुठं होत्या, हे आम्हा खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्या गावाला, सातबाऱ्याजवळ.

या जागेला बिनपायांच्या पक्ष्यांची एरवीही कमी नाही. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी. शनिवारी संध्याकाळी हद्दीपलीकडून गाड्या भरून पाहुणे येतात आणि रात्री अकराच्या सुमाराला पार्किंगमध्ये बघावं, तर एकाचाही पाय जमिनीला लागत नसतो. इंग्रज शास्त्री इथं येते तर चौथ्या मुलाची अट त्यांनी काढूनच टाकली असती.

आणि मुलुख तरी कुठं जमिनीवर होता? १७७२ साली मराठ्यांच्या आरमारानं पोर्तुगीजांचं 'सांताना' नावाचं जहाज फोडलं. त्याची भरपाई म्हणून १७८३ साली नगर हवेलीच्या बहात्तर गावांचा वसूल त्यांना मिळाला. जहाजाच्या बदल्यात दिलेल्या या मुलखाला समुद्रच नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नसावं. आलं असेल तर तो पेशवाईतला शेवटचा चांगला विनोद म्हणायचा. मग दमणहून इथं यायचं तर मध्ये दुसऱ्याची जमीन. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मोकळं झालं. सुधीर फडक्यांसारखा माणूस हार्मोनियम सोडून त्या लढ्यात उतरला होता. पोर्तुगालनं काय करावं? १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन वाट मागितली. गेलेल्या मुलखात पोचायला आम्हाला मधून चालू द्या, अशी. १९६० साली निकाल लागला तो असा: साध्या माणसांना आणि मालाला जायची वाट होती, सैनिकांना आणि पोलिसांना नव्हती. म्हणजे पाय होते, पण बूट घातलेले चालणार नव्हते.

तोवर हा मुलुख भारतातही नव्हता आणि पोर्तुगालचाही नव्हता. वरिष्ठ पंचायत कारभार बघत होती. सात वर्षं हवेत. लुंड विद्यापीठाच्या पाकोळीचे दहा महिने म्हणजे त्यापुढे काहीच नाहीत. शेवटी १९६१ मध्ये उतरायची वेळ आली तेव्हा भारताबरोबर करारावर सही करायला दादरा-नगर हवेलीकडून कोणीतरी प्रमुख हवा. म्हणून बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं गेलं. समोर सही करणारे नेहरू. ११ ऑगस्टला मुलुख केंद्रशासित झाला. एका दिवसाचं पंतप्रधानपद आणि तेही सही करून संपवण्यासाठी! आमच्या सोसायटीचा एक माजी खजिनदार हे ऐकून बराच वेळ गप्प बसला होता.

सोसायटीचं सांगायचं म्हणजे, बॅंकेनं नवं लेटरहेड आणि नवा शिक्का मागितला आणि कमिटीला वाटलं, आता चिन्हही हवं. जनरल मीटिंग पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी उभा राहिलो. म्हटलं, १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं आपल्या राजेरजवाड्यांसाठी अशा ढाली बनवल्या होत्या, तर आपण का नाही? आणि मार्टलेट मांडला. चौथ्या मुलाचा पक्षी. अठ्ठेचाळीस फ्लॅटमध्ये कोण इथला आहे? सगळे उडून आलेलो.

"पाय नाहीत म्हणजे अपशकुन," वॉचमनच्या बाजूला बसलेल्या आजी म्हणाल्या. त्या कुणाच्या आई हे मला अजून नीट कळलेलं नाही, पण मीटिंगला त्या असतातच.

"हरियाल घ्या," एकजण म्हणाला. "महाराष्ट्राचा राज्यपक्षी."

"आपण महाराष्ट्रात नाही," सेक्रेटरी म्हणाले. ते भरुचचे. हे वाक्य ते दर मीटिंगला एकदा म्हणतात.

हरियाल मलाही आवडतो. पिवळ्याधमक पायांचं ते हिरवं कबूतर. पाय एवढे नटवलेले आणि लोकांत समज असा, की तो जमिनीला पाय लावतच नाही, पाणी प्यायला उतरला तरी पायात काडी धरून उतरतो. सूरदासानं त्याच्या काडीचा दाखला भक्तीला दिलाय. पाय असून जमीन नाही आणि जमीन नाही म्हणून पाय नाहीत, दोन्ही पक्षी एकाच शाळेतले. पण हे बोलायला मला मिळालं नाही, कारण बेळगावकडच्या मेंबरनं गंडभेरुंड सुचवला. एका धडाला दोन तोंडं, म्हैसूरच्या राजघराण्याचा, आज कर्नाटकाच्या राजचिन्हावर.

"दोन तोंडं शोभतील," मागून आवाज आला. "एक चेअरमनचं, एक सेक्रेटरीचं." हशा झाला. चेअरमन हसले नाहीत. मी त्यांना दिलासा म्हणून आलेरियनची माहिती दिली, चोचही नाही आणि पंजेही नाहीत, तर ते म्हणाले, "असा मेंबर मिळाला तर सांगा, त्याचा मेंटेनन्स माफ करतो."

शेवटी मार्टलेट पास झाला, तो माझ्या भाषणामुळे नव्हे, तर रात्रीचे दहा वाजून गेल्यामुळे. चित्र काढायला रखोलीकडचा एक वारली मुलगा मिळाला. तो रिसॉर्टच्या भिंतींवर गेरूवर पांढऱ्यानं चौक काढतो. मी त्याला स्वेटशर्ट दाखवला. त्यानं कागदावर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले, एक चोच, एक शेपटी, वर पंख. अर्ध्या मिनिटात पक्षी. मग पोटाखाली दोन काड्या काढल्या आणि प्रत्येकीला तीन बोटं.

"पाय नकोत," मी म्हटलं.

त्यानं स्वेटशर्ट परत एकदा बघितला. "पाय नसले तर उतरेल कुठं?"

मी त्याला रणजी सांगितला, ससेक्स सांगितला, पाकोळी दाखवायला जिन्यात नेलं. त्यानं वर बघितलं, ऐकून घेतलं आणि खाली येऊन पाय तसेच ठेवले. त्याच्या घराण्यात भिंतीवर पक्षी काढतात तो नीट उभा राहणारा. कमिटीनंही पायांसकट मंजूर केला. सेक्रेटरींनी मला समजावलं, "काका, लोक काय म्हणतील? सोसायटीला पाय नाहीत?"

शिक्का बनला. गोल, कडेनं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर, मधे पक्षी. रबरात पायांच्या त्या सहा बोटांच्या रेषा केसाएवढ्या बारीक आल्या होत्या. मला बघताक्षणी कळलं, पण मी बोललो नाही. सत्तावीस वर्षांत शिक्के मी खूप झिजवलेत.

दिवाळीनंतर जिन्याला रंग काढायचा ठरला आणि घरटी खरवडायचीही. तो ठराव मी विरोध नोंदवून अडवून ठेवलाय, अजून अडलेलाच आहे. त्याच सुमाराला तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं आलेला सिवान जिल्ह्यातला एक पोरगा एनओसी घ्यायला आला. टेक्स्चरायझिंगमध्ये मशीनवर आहे, नखांत तेल. मी शाई लावून शिक्का मारला. चोच आली, पंख आले, दोन्ही त्रिकोण आले. पोटाखाली काही नाही.

पोरानं कागद उचलून बघितला. "अंकल, चिड़िया का पैर नहीं आया."

"भाइयों में तुम्हारा नंबर कौन-सा?" मी विचारलं.

"तीसरा."

म्हणजे तारा हवा होता. पण शिक्का एकच आहे. मी दुसऱ्या कॉपीवरही तोच मारून दिला.